नसबंदी, ताकद आणि सासूबाईंचा बैल

सांगली जिल्ह्यातील एका गावातून 29 वर्षांच्या एका विवाहितेचे पत्र आले आहे. त्यांना पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, म्हणून त्या वेळी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन केले गेले नाही. तिसरे मूल नको यावर पती-पत्नींचे एकमत आहे. पती ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात आणि "तुझे पोट दोनदा फाडले, आता माझे ऑपरेशन होऊ दे" असे म्हणतात. सासूबाईंचा मात्र कडाडून विरोध आहे. त्यांचे म्हणणे, "बैल ठेचल्यावर वळू राहतो का? माझा पोरगा कष्टाचा माणूस आहे, त्याला बाद करू नका." पत्रलेखिका पुढे लिहितात, "भीती मलाही वाटते. मालकांची ताकद गेली तर घर कोण चालवणार? आणि त्यांचे ऑपरेशन होऊनही मला दिवस गेले, तर लोक माझ्याकडेच बोट दाखवतील. त्यापेक्षा माझेच करून घेते. बाईच्या पोटातले काम तसेही संपलेलेच असते. पण त्यात नेमके काय काढतात, पाळी राहते की जाते, तेही मला ठाऊक नाही."

ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या भीती एकात एक गुंतल्या आहेत. पहिली यजमानांच्या ताकदीची, दुसरी लोकांच्या बोलण्याची आणि तिसरी तुम्ही प्रश्न म्हणून न लिहिता खात्री म्हणून लिहून टाकली आहे, ती म्हणजे तुमच्या पोटातले काम आता संपले आहे ही समजूत. ऑपरेशन कोणी करावे हे ठरवण्याआधी या तिन्हींच्या मुळाशी शरीराची जी कल्पना आहे ती तपासून पाहू. त्यासाठी काही अवयवांची नावे मी स्पष्टपणे घेणार आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पुढे वाचकांच्या अशाच प्रश्नांना आपल्या मासिकातून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. हे शब्द लिहिण्याची मोकळीक आपल्याला इतक्या कष्टाने मिळाली आहे, तेव्हा ते न लाजता वाचावेत.

सासूबाईंच्या बैलापासूनच सुरुवात करते, कारण त्यांनी दिलेला दाखला चुकीचा असला तरी निरर्थक नाही. गोऱ्ह्याला खच्ची करण्यासाठी ठेचतात किंवा जनावरांचे डॉक्टर चिमटा लावतात तेव्हा वृषणाकडे जाणारी संपूर्ण दोरी चिरडली जाते. त्या दोरीत रक्त नेणारी धमनी असते, रक्त परत आणणाऱ्या शिरा असतात, मज्जातंतू असतात आणि या सगळ्यांबरोबर शुक्रपेशी वाहून नेणारी एक नळी असते. रक्त तुटले की वृषण सुकते आणि त्याचे दोन्ही उद्योग बंद पडतात. वृषणाला दोन उद्योग आहेत, ही गोष्ट या साऱ्या वादात कोणी लक्षातच घेत नाही. पहिला उद्योग शुक्रपेशी तयार करण्याचा. दुसरा टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार करण्याचा, ज्यामुळे मुलाला वयात येताना दाढीमिशा फुटतात, आवाज फुटतो, स्नायू भरतात आणि पुढे कामेच्छा टिकून राहते. शुक्रपेशी नळीतून बाहेर पडतात, तर टेस्टोस्टेरॉन वृषणातल्या वेगळ्या पेशी थेट रक्तात सोडतात. त्याला त्या नळीची गरजच लागत नाही.

पुरुषाच्या नसबंदीत त्या दोरीतली एवढी एक नळी, म्हणजे शुक्रवाहिनी, शोधून काढतात, तिचा लहानसा तुकडा कापतात आणि टोके बांधून टाकतात. धमनी, शिरा आणि मज्जातंतू जागच्या जागी राहतात. वृषण पूर्वीसारखेच रक्त घेते आणि पूर्वीसारखेच संप्रेरक रक्तात सोडते. खरे तर 'नसबंदी' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. नस म्हटले की आपल्याला शीर किंवा मज्जातंतू आठवतो आणि नस कापली म्हणजे जोर गेला असे मन आपोआप जुळवून घेते. प्रत्यक्षात जी कापतात ती नसच नव्हे.

आता तुमच्या यजमानांच्या ताकदीबद्दल. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब तयार होतो, म्हणून वीर्य म्हणजे शरीराचा अर्क आणि ते अडले किंवा सांडले तर माणूस खंगतो. शरीराचा हिशोब निराळा आहे. वीर्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग शुक्राशय नावाच्या दोन ग्रंथींतून येतो आणि उरलेल्यातला बराचसा पुरस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून. या ग्रंथी ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे-खाली असतात. शुक्रवाहिनी वृषणकोशातून निघते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते आणि मग या ग्रंथींपाशी पोहोचते. नसबंदीचा काप खाली वृषणकोशातच, या ग्रंथींच्या बराच अलीकडे, घेतला जातो. त्यामुळे ऑपरेशननंतरही वीर्य येते, जवळजवळ पूर्वीइतकेच येते आणि डोळ्यांना काही फरक दिसत नाही. कमी होतात त्या फक्त शुक्रपेशी, आणि त्यांचा वाटा एकूण वीर्यात दोन ते पाच टक्के एवढाच असतो. वृषणात त्या तयार होत राहतात, परंतु वाट बंद असल्याने तिथेच विरघळतात आणि शरीर त्यांना शोषून घेते. नसबंदी न केलेल्या पुरुषातही न वापरलेल्या शुक्रपेशींचे असेच होते, त्यामुळे 'आत साठून त्रास होईल' ही शंकाही मनातून काढून टाकावी.

राहता राहिला ट्रॅक्टर. सासूबाईंना कधी निवांत वेळी विचारून पाहा, की ज्या बैलाला खरोखरच ठेचले तो पुढे काय करतो? जन्मभर नांगर ओढतो, उसाची गाडी ओढतो. वळूपण जाऊनही त्याच्या खांद्यातला जोर जात नाही. तुमच्या यजमानांचे तर वळूपणही जाणार नाही. (हा विनोद त्यांना रुचेल की नाही हे तुम्हीच जाणता. नाही रुचला तर माझे नाव सांगा.)

तुमच्या बाजूच्या शरीराकडे वळते, कारण तुमचे अज्ञान तुम्ही मोकळेपणाने कबूल केले आहे आणि तसे कबूल न करता ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या स्त्रिया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ओटीपोटात मध्यभागी गर्भाशय असते, ज्याला आपण पिशवी म्हणतो. एरवी ते पेरूएवढे, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते. त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन अंडनलिका निघतात, प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटर लांब. त्यांच्या झालरीसारख्या टोकांपाशी बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अंडपेशी असतात. वयात येईपर्यंत त्यांतल्या तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या चारशे-पाचशेच. पुरुषाचे वृषण वयात आल्यापासून रोज कोट्यवधी शुक्रपेशी घडवत राहते. एक पेशी पूर्ण घडायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो आणि त्यासाठी शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागते, म्हणून तर वृषण पोटाबाहेर लोंबते. अंडाशय मात्र जन्मजात ठेवीतूनच खर्च करते आणि पोटात खोल सुरक्षित असते. पुरुषाची नळी कातडीखाली बोटांना लागते, स्त्रीची नळी पोट उघडल्याशिवाय हाती येत नाही. दोन ऑपरेशनांतला सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो.

महिन्यातून एकदा साधारणपणे एक अंडपेशी बाहेर पडते, झालरीने टिपली जाते आणि नळीत येते. ती फार तर एक दिवस जगते. शुक्रपेशी मात्र योनी, गर्भाशयमुख आणि गर्भाशय यांतून वर चढून नळीत पाच दिवसांपर्यंतही तग धरू शकते. दोघींची गाठ गर्भाशयात पडते असे बहुतेकांना वाटते, पण ती पडते नळीत. फळलेले अंडे चार-पाच दिवस नळीतून सरकत सरकत गर्भाशयात उतरते आणि मग तिथल्या मऊ अस्तरात रुजते. अंडे फळले नाही तर ते अस्तर गळून पडते, तीच पाळी. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये या दोन नळ्यांचा लहानसा तुकडा कापून टोके बांधतात किंवा दुर्बिणीतून रिंग बसवून नळी आवळतात. पिशवी आणि अंडाशये दोन्ही जागेवर राहतात. म्हणून पाळी येतच राहते, कामेच्छा राहते आणि संप्रेरकेही राहतात.

आणि म्हणूनच 'पोटातले काम संपले' या तुमच्या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. मुले झाली म्हणजे गर्भ वाढवण्याचे काम संपले असेल, पण अंडाशयांतून मिळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी जाईपर्यंत तुमची हाडे, रक्तवाहिन्या, त्वचा आणि झोप सांभाळत असते. तुमचे घर उसावर चालते म्हणून सांगते: बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो स्त्रियांच्या, त्यांतल्या कितीतरी ऐन तिशीतल्या, पिशव्या काढल्या गेल्याचे 2019 साली उजेडात आले आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते, पाळीत कामाचा खाडा होतो, ओटीपोट दुखते, अशा तक्रारींवर त्यांना हाच उपाय सांगितला गेला होता, आणि तो सांगणाऱ्यांच्या व मानणाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य होते. नळी बांधणे आणि पिशवी काढणे ही दोन अगदी वेगळी ऑपरेशने आहेत. पहिल्यासाठी गेलेल्या स्त्रीला कोणी दुसरे सुचवले, तर कारण लेखी मागावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवू. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीची पद्धत चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी 1974 साली काढली आणि आता ती आपल्याकडेही सर्वत्र वापरली जाते. वृषणकोशाची जागा तेवढी बधिर करतात, एक बारीक छिद्र पाडून दोन्ही बाजूंच्या नळ्या त्यातून बाहेर घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होते. माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये पोटावर छेद द्यावा लागतो, भूल अधिक लागते आणि सावरायला अधिक दिवस लागतात. तुमच्या पोटावर आधीच दोन छेद झाले आहेत. सिझेरियननंतर आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असू शकतात आणि तसे असेल तर नळीपर्यंत पोहोचणे डॉक्टरांना अवघड जाते. तुमच्या बाबतीत हे ऑपरेशन होऊ शकत नाही असे मी म्हणत नाही, परंतु ज्या घरात एका व्यक्तीला छोट्या छिद्रावर भागते आणि दुसरीला तिसऱ्यांदा पोट उघडावे लागते, त्या घरात दुसरीनेच पुढे व्हावे असे ठरते तेव्हा तो निर्णय शरीरशास्त्राने घेतलेला नसतो.

तो कशाने घेतलेला असतो, याला थोडा इतिहास आहे. एके काळी आपल्या देशात पुरुषांचीच ऑपरेशने अधिक होत. 1971 साली केरळमधील एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. पुढे आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली आणि त्यात इतकी सक्ती व दहशत होती की लोकांच्या मनातून तो शब्दच उतरला. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या माणसांनी ते दिवस पाहिले आहेत किंवा घरात ऐकले आहेत, त्यांच्या विरोधाला निव्वळ अडाणीपणा समजू नका. परिणाम असा झाला की 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःचे ऑपरेशन केलेले आढळले, तर पतीची नसबंदी झालेल्या स्त्रिया अवघ्या 0.3 टक्के.

तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल, म्हणजे लोकांच्या बोटाबद्दल, मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ती खोटी नाही. नसबंदी झाल्या दिवसापासून लागू होत नाही. कापाच्या पुढच्या नळीत आधीच निघालेल्या शुक्रपेशी शिल्लक असतात आणि त्या बाहेर पडून संपायला सुमारे तीन महिने लागतात. या काळात निरोध किंवा दुसरे साधन वापरले नाही, तर दिवस जाऊ शकतात, आणि मग बिचाऱ्या बायकोच्या चारित्र्याची चर्चा गावभर होते. म्हणून तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून त्यात एकही शुक्रपेशी नाही असा अहवाल घ्यायचा असतो. ती तपासणी टाळायची नाही, 'कशाला, ऑपरेशन झाले की' असे म्हणायचे नाही, आणि तो कागद ऑपरेशनच्या प्रमाणपत्राबरोबर जपून ठेवायचा. त्यानंतरही हजारात एखाद-दुसऱ्या पुरुषाच्या नळीची टोके आपोआप पुन्हा जुळतात. तसे झाल्याची शंका आली, तर आधी यजमानांचे वीर्य पुन्हा तपासायचे, तुम्हाला कोणी काही विचारण्याच्या आधी. हे आजच, ऑपरेशनपूर्वी, दोघांनी आपसात ठरवून ठेवा. यजमानांना हे स्पष्ट ठाऊक असेल तर अर्धी भीती तिथेच संपते. स्त्रीचे ऑपरेशनही क्वचित फसते, किंबहुना थोडे अधिकच, आणि ते फसले तर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका असतो. म्हणून ज्या वाचकांनी स्वतःचे ऑपरेशन केले आहे त्यांनी पाळी चुकून पोटात एका बाजूला दुखू लागल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माझा कौल तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे हे एव्हाना लक्षात आलेच असेल. तरीही एक प्रश्न तुम्हा दोघांना विचारते. तिसरे मूल नको हे नक्की आहे, की दुसऱ्या बाळंतपणाची धास्ती अजून उतरलेली नाही? नळी पुन्हा जोडता येते, परंतु ते ऑपरेशन मोठे असते आणि यशाची खात्री नसते, म्हणून नसबंदी कायमची आहे असे समजूनच करावी. मनात किंचितही शंका असेल तर तुम्ही तांबी बसवून घ्या. दहा वर्षांपर्यंत चालणारी तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि ती बसवून दोन वर्षे विचार करण्यात कमीपणा नाही. तांबीने पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, हे तेवढे आधी जाणून घ्या.

नक्की असेल तर यजमानांनी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. गावच्या आशाताईंना ऑपरेशनचा दिवस ठाऊक असतो. हे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होते. संमती त्यांच्या एकट्याची लागते, तुमच्या सहीची गरज नसते, सासूबाईंच्या तर नाहीच. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, जांघेतला हर्निया, वृषणकोशाची सूज यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. उसाचा हंगाम सुरू असताना तारीख घेऊ नये, कारण दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि आठवडाभर जड उचलणे व ट्रॅक्टरचे धक्के टाळणे आवश्यक असते, आणि हंगामात ते कोणी पाळत नाही. नेमके त्यामुळे सूज आली की 'बघा, अशक्त झाला' हे ऐकावे लागते. तितके दिवस घट्ट लंगोट किंवा अंतर्वस्त्र वापरावे. थोडे दुखणे आणि काळेनिळे होणे नेहमीचे आहे. ताप, वाढती सूज किंवा पू दिसला तर मात्र थांबू नये. काही थोड्या पुरुषांना नंतरही बराच काळ त्या जागी दुखत राहते, तेही डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

सासूबाईंशी बोलायचे काम तुमचे नाही. ते तुमच्या यजमानांचे आहे, कारण शरीर त्यांचे आहे आणि आई त्यांची आहे. तुम्ही मध्ये पडलात तर सुनेने मुलाला फूस लावली असाच त्याचा अर्थ होईल. त्यांनी शिकवण्याच्या सुरात न बोलता एवढेच सांगावे, की यात ठेचत नाहीत, रक्त तोडत नाहीत, एक नळी बांधतात, आणि हिच्या पोटावर तिसरा छेद मला नको आहे. ऐकले तर उत्तम. न ऐकल्यास त्यांना ऑपरेशनची तारीख सांगितलीच पाहिजे असेही नाही.